नाणं हाती आलं, जागा हरवली

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. टेंभुर्णीच्या आमच्या शिवारात नांगरट उरकली होती. एके दिवशी संध्याकाळी शिवारातल्या एका वयस्कर शेतकऱ्यांचा फोन आला. नात्यानं ते माझे कुणी नाहीत, पण लहानपणापासून मी त्यांना काका म्हणतो.

"भाई, जरा वावरात या. दोघं जण आलेत. त्यांच्याजवळ मशीन हाये. म्हणतेत, जमिनीत काय पुरलंय ते कळतं. तुम्हाला ते अक्षर वाचता येतं, म्हणून बोलावतोय."

'ते अक्षर' म्हणजे उर्दू-फारसी. मी बी.ए. झालो, कविता मराठीत लिहितो. पण दादीनं लहानपणी उर्दू शिकवलं होतं, त्यामुळे गावात कुणाला जुना कागद, जुना शिक्का सापडला की तो माझ्यापर्यंत येतो.

वावरात गेलो. बांधावर मोटारसायकल उभी होती. दोन तरुण, हातात एक लांब दांडा, दांड्याच्या टोकाला जेवणाच्या ताटलीएवढी चकती, कानांवर हेडफोन. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "जे निघेल त्यात अर्धा वाटा तुमचा. आम्ही रात्री येऊ. फक्त कुणाला सांगायचं नाही." काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वर्षी सोयाबीननं हात दिला नव्हता, सोसायटीचं कर्ज डोक्यावर होतं. ते हळूच म्हणाले, "काय करू, भाई?"

मी म्हणालो, "उद्या सकाळी सांगतो." त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण हाच प्रश्न चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी आमच्याच घरात विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर चुकलं होतं. ती हकीकत सांगतोच, पण आधी या यंत्राविषयी थोडं बोलू या.

या यंत्रात जादू काही नाही. त्या चकतीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सतत दिशा बदलणारी वीज खेळवली, की चकतीभोवती आणि खालच्या जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली, की तिच्या अंगात बारीक भोवऱ्यांसारखे विजेचे प्रवाह उठतात. हे प्रवाह स्वतःचं एक क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. यंत्र ते ओळखतं आणि कानात आवाज करतं. विमानतळावर, मोठ्या मंदिरांच्या आणि दर्ग्यांच्या दारात ज्या चौकटीतून आपण जातो, तिचं तत्त्व हेच.

टेलिफोनमुळे ओळखले जाणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली असं एक यंत्र तयार केलं होतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली होती, ती शरीरात नेमकी कुठं आहे ते डॉक्टरांना सापडत नव्हतं. बेल यंत्र घेऊन गेले, पण गोळीचा ठावठिकाणा लागला नाही. पलंगाच्या गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी यंत्राचा गोंधळ उडवला, असं पुढं सांगितलं गेलं. पुढं दुसऱ्या महायुद्धात जमिनीत पेरलेले सुरुंग शोधायला ही यंत्रं फार उपयोगी पडली.

आता आपल्या वावरात हे यंत्र काय करतं? पहिली गोष्ट, रुपयाएवढं एखादं नाणं त्याला कळतं ते वीतभर, फार तर दीड वीत खोलीपर्यंत. पुरुषभर खोल पुरलेला हंडा दाखवतो असं कुणी म्हणत असेल, तर चार हात दूर राहावं. दुसरी गोष्ट, आपली काळी माती बसाल्ट नावाच्या काळ्या खडकापासून झालेली आहे. त्या खडकात चुंबकाला ओढलं जाणारं लोहखनिज असतं. त्यामुळे यंत्र उगाचच कुईकुई करतं. आणि तिसरी गोष्ट, शेतात धातू म्हणजे काही फक्त नाणी नव्हेत. बैलाच्या पायाची पत्री, ट्रॅक्टरचा बोल्ट, तुटलेला खिळा, सोड्याच्या बाटलीचं झाकण, सगळं वाजतं. शंभर खड्डे खणावे तेव्हा एखादी जुनी वस्तू हाती लागते.

तरीही आपल्या शेतांत जुन्या वस्तू निघतात हे खरं आहे, आणि त्याला कारण आहे. आपण गावाला 'पांढरी' म्हणतो आणि शेताला 'काळी'. जिथं पिढ्यानपिढ्या माणसं राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, तिथली माती राखेनं आणि चुन्यानं पांढरट होते. जुन्या गावांच्या अशा पांढऱ्या टेकड्या मराठवाडाभर आहेत. धाब्याच्या घरांवर टाकायला लोकांनी ती माती गाड्या भरभरून नेली. पहिल्या पावसानं टेकडी धुतली गेली, की मणी, नाणी, मातीची चित्रं वर येत. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आणि पैठणला बाळासाहेब पाटील यांनी अशाच वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. ते दोघे नसते तर त्यातलं कितीतरी मोडीत गेलं असतं.

आमच्या टेंभुर्णीच्या शेजारचा भोकरदन तालुका घ्या. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या माणसांचा उल्लेख आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर आणि तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठानं मिळून तिथं उत्खनन केलं. त्यात हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ती निघाली. तिचं साम्य निघालं ते थेट इटलीतल्या पाँपेईत १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या या भागाचा संबंध रोमच्या बाजारपेठेशी होता. हे कळलं कशामुळे? मूर्ती कुठल्या थरात, कुठल्या वस्तूंच्या सोबत निघाली, याची नोंद झाली म्हणून.

आणि जालना जिल्ह्यातलंच असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या जमिनीवर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांची इंग्रजांशी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, पुढं नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा मधे पायउतार असणारच, असा त्यानं अंदाज बांधला आणि सैन्य पलीकडं नेलं. लढाई त्यानं जिंकली, जवळपास शंभर तोफा घेतल्या. पण त्याची सुमारे सोळाशे माणसं मेली किंवा जखमी झाली. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत.

त्या लढाईची जी वर्णनं आपण वाचतो, ती बहुतेक जिंकणाऱ्यांनी लिहिलेली आहेत. त्यांची पत्रं आहेत, नकाशे आहेत. तोफेजवळ उभा राहून मेलेल्या गोलंदाजानं काही लिहून ठेवलं नाही. त्याची साक्ष जी काही उरली असेल ती मातीत आहे: शिशाच्या गोळ्या, लोखंडी गोळे, एखादं बटण, एखादा बक्कल. माझं आजोळ जुईच्या बाजूला. मी लहानपणी तिथं शिशाच्या गोळ्या पाहिल्या आहेत. पोरं गोट्या खेळत, म्हाताऱ्या तागडीत वजनाला टाकत, मासे धरणारे त्या ठोकून जाळ्याला लावत. कुठली गोळी कुठल्या वावरातून आली हे कुणी विचारत नव्हतं. मीही विचारलं नाही.

आता आमच्या घरची गोष्ट.

१९८० च्या आसपासची. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. माझे मामू शेतात मोसंबीची कलमं लावायला खड्डे खणत होते. एका खड्ड्यात कुदळ 'खट्' वाजली. मातीचं बोळकं फुटलं आणि काळे पडलेले रुपये मातीत पसरले. साठ-सत्तर तरी असतील. मामूंनी ते धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणले, दाराला आतून कडी घातली. नानांनी विचारलं, "आता काय करायचं?" मामू म्हणाले, "सरकार कू मालूम पड्या तो सब ले जाती, ऊपर सी जेल." कुणी विरोध केला नाही. भीती सगळ्यांच्याच मनात होती. आठवड्याभरात ते रुपये बाजाराच्या गावी एका सोनाराच्या मुशीत गेले. घट कापून जी चांदी उरली, तिचे तोडे आणि कमरपट्टा झाला, मामूंच्या मुलीच्या लग्नात तो घातला गेला. पुढं दुष्काळात तेही मोडलं.

एक रुपया मात्र वाचला. मुमानीनं तो गुपचूप अम्मीच्या हातात ठेवला होता. "बरकत का है, रख." अम्मीनं तो मला दिला.

कॉलेजात असताना मी तो तेव्हाच्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एका नाण्यांच्या अभ्यासकांकडे नेला. त्यांनी भिंग लावलं. म्हणाले, "शाह आलमचा रुपया." मोगलांच्या नाण्यांवर फारसीत एक शेर कोरलेला असे, हे मला तेव्हा कळलं. कविता करणाऱ्या पोराला किती आनंद झाला असेल! मग त्यांनी नाणं उलटं केलं. "इथं 'जर्ब' हा शब्द आहे. जर्ब म्हणजे पाडलं, ठोकलं. त्याच्या पुढं टांकसाळीच्या गावाचं नाव असतं." मी पाहिलं. 'जर्ब' होतं आणि पुढं नाण्याची कड होती. गावाचं नाव कडेबाहेर गेलं होतं.

त्यांनी समजावून सांगितलं. ठोकायचा साचा नाण्यापेक्षा मोठा असे. चांदीची चकती लहान, त्यामुळे साच्यावरची सगळी अक्षरं एका नाण्यावर कधीच येत नसत. एकावर उजवीकडची येत, दुसऱ्यावर डावीकडची. त्याच साच्याची आठ-दहा नाणी शेजारी शेजारी ठेवली, की पूर्ण ओळ वाचता येते. "तुमच्याकडं बाकीची आहेत का?"

मी गप्प राहिलो.

शाह आलम १७५९ ते १८०६ या काळात बादशहा होता, पण त्याच्या नावानं रुपये पाडत सगळेच. मराठे पाडत, निजाम पाडत, इंग्रजांची कंपनीही पाडत. नाणं खरोखर कुणाचं, हे सांगते टांकसाळ आणि तिच्या खुणा. बुऱ्हाणपूरचं असेल तर एक अर्थ, औरंगाबादचं असेल तर दुसरा, कंपनीच्या सुरतेचं असेल तर तिसरा. अर्थात रुपया बाजारात फिरतो, एकावरून काही ठरत नाही. साठांवरून ठरलं असतं. शिवाय पुरलेल्या ठेव्यात सर्वांत अलीकडचं नाणं कुठल्या सालचं आहे ते पाहतात. ठेवा त्या सालाच्या आधी पुरलेला असू शकत नाही.

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. नेमकं कुठं सापडलं? किती खोल? बोळकं कसलं होतं, त्याची खापरं आहेत का? तोंड झाकलेलं होतं की उघडं? जवळ आणखी काही होतं? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. मामू तोवर वारले होते. मोसंबीची बागही तोडली गेली होती.

ते रुपये कुणाचे होते? असईला जाणाऱ्या एखाद्या शिपायाचा पगार? फौजा येताहेत असं ऐकून रातोरात गाव सोडणाऱ्या एखाद्या कुणब्याची पुंजी? लढाईपाठोपाठ १८०३-०४ साली दख्खनेत दुष्काळ पडला, त्यात मेलेल्या घराची शेवटची ठेव? पुरणारा माणूस परत आला नाही, एवढं नक्की. नाहीतर बोळकं तिथं राहिलंच नसतं. त्या माणसाविषयी जे काही कळण्यासारखं होतं, ते आम्ही मुशीत घातलं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

ठेवा अखंड राहिला तर काय होतं, याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण नाशिक जिल्ह्यातलं जोगलटेंभी. १९०६ साली तिथं चांदीची नाणी सापडली. अभ्यासकांपुढं आलेली नाणीच १३ हजार २०० च्या वर होती. नाणी नहपान या क्षत्रप राजाची. पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला शिक्का पुन्हा ठोकला होता. खाली नहपानाचा चेहरा, वर सातवाहनांची खूण. कुणी कुणाला हरवलं, हे सांगायला आणखी काय पाहिजे? त्यातली दहा-वीस नाणी कुणी सुटी विकली असती, तर ती निव्वळ 'बिघडलेली नाणी' ठरली असती. प्रचंड संख्येनं एकत्र होती, म्हणून इतिहास झाला.

तर मग हे यंत्रच वाईट का? तसंही नाही. १९८७ साली जर्मनीत कालक्रीझ नावाच्या गावाजवळ एक इंग्रज लष्करी अधिकारी असंच यंत्र घेऊन शेतात फिरत होता. त्याला रोमन नाणी आणि गोफणीच्या शिशाच्या गोळ्या मिळाल्या. तो गुपचूप फिरत नव्हता. त्या भागातल्या पुरातत्त्व अधिकाऱ्यांना भेटून, सांगून फिरत होता. इसवी सन ९ मध्ये रोमन साम्राज्याच्या तीन पलटणी जर्मन टोळ्यांनी कापून काढल्या होत्या. त्या लढाईची जागा शतकानुशतकं लोक शोधत होते. ती तिथं असल्याचे भक्कम पुरावे त्या गोळ्यांच्या मागानं मिळाले.

अमेरिकेतही तसंच झालं. लिटल बिगहॉर्नला १८७६ साली मूळच्या रहिवाशांनी अमेरिकन सैन्याच्या एका तुकडीचा पराभव केला होता. १९८३ मध्ये तिथलं गवत आगीत जळून गेलं. पुढच्या वर्षी अभ्यासकांनी यंत्र चालवणाऱ्या हौशी लोकांना रांगेत उभं केलं. जिथं यंत्र वाजेल तिथं झेंडी लावायची, लगेच उकरायचं नाही. मग प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर मांडायची. बंदुकीची कुठली पुंगळी कुठून कुठं गेली यावरून माणसं कशी हलली ते कळलं, आणि मूळ रहिवाशांनी तोंडी सांगितलेल्या हकीकतींना त्यातून मोठा आधार मिळाला. ज्यांचं कुणी ऐकलं नव्हतं, त्यांच्या बाजूनं माती बोलली. मला असईचे गोलंदाज आठवतात ते याचसाठी. उद्या कुणी असईच्या शिवारात असं काम करायचं ठरवलं, तर गोळ्या जागेवर असायला हव्यात.

इंग्लंडमध्ये हा छंद मोठा आहे. तिथं १९९६ चा कायदा आहे. ठेवा सापडला की चौदा दिवसांत कळवायचं. संग्रहालयानं तो घेतला, तर ठरलेली रक्कम शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटली जाते. २००९ साली स्टॅफर्डशायरमधल्या एका शेतात सोन्याचांदीच्या साडेतीन हजारांहून अधिक वस्तू आणि तुकडे निघाले, त्यासाठी बत्तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली गेली. अर्थात रात्री चोरून खणणारे तिथंही आहेतच.

आपल्याकडे कायदाच नाही असं पुष्कळांना वाटतं, किंवा असलेला कायदा सगळं हिसकावून घेणारा आहे असं वाटतं. दोन्ही खरं नाही. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडवलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय, किती, कुठं, कधी. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तिच्यासाठी हमी द्यायची. मग जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात आणि कुणाचा हक्क आहे का ते पाहतात. चौकशीची तारीख नोटिशीपासून चार ते सहा महिन्यांच्या आत येते. मूळ मालक कुणी निघाला नाही, आणि जागामालक म्हणूनही दुसरा कुणी पुढं आला नाही, तर ठेवा सापडणाऱ्याचा. जमीन दुसऱ्याची असेल आणि त्यानं हक्क सांगितला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश जागामालकाला. सरकारला ठेवा हवा असेल तर सरकार तो घेऊ शकतं. मात्र त्यासाठी धातूची किंमत आणि वर त्या किमतीचा एक पंचमांश द्यावा लागतो.

हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ नुसता बसून राहिलो. शेत मामूंचं, सापडलं मामूंना. सोनारानं घट कापली होती. कायद्यानं वर वीस टक्के मिळाले असते. वेळ लागला असता, खेटे पडले असते, हे मान्य. पण जेलची जी भीती होती, ती न कळवण्यात होती, कळवण्यात नव्हती. ठेवा लपवला, किंवा ओळखू येऊ नये म्हणून त्याचं रूप बदललं, तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वितळवणं म्हणजे रूप बदलणंच की!

याशिवाय १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, पुरावशेष विकण्याच्या धंद्याला परवाना लागतो. आणि संरक्षित स्मारकांच्या, स्थळांच्या हद्दीत विनापरवानगी खणणं १९५८ च्या कायद्यानं बंद आहे.

आता एक अंधारी बाजू, तीही बोलली पाहिजे. आपल्याकडे जमिनीतल्या धनाला 'गुप्तधन' म्हणतात आणि त्याच्याभोवती भुतंखेतं, नाग, पायाळू माणसं यांचं रान माजवलं जातं. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनाच्या आणि संततीच्या नादानं लहान मुली आणि बायका मारल्या गेल्या, हे माझ्या पिढीनं घराघरांत ऐकलं आहे. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आता मांत्रिकाच्या जागी मोबाइलवरचा व्हिडिओ आला, एवढाच फरक. मार्च २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट गाजत असताना, आपल्या सीमेलगतच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात असिरगडाजवळ, शेतात मोगलांची सोन्याची नाणी निघतात अशी आवई उठली. रस्त्याच्या कामातली माती तिथल्या शेतात आणून टाकली होती. शेकडो माणसं रात्री टॉर्च आणि यंत्रं घेऊन शेत खणायला लागली, अशा बातम्या आल्या. बुऱ्हाणपूर मोगलांचं श्रीमंत शहर होतं, तिथं टांकसाळ होती, १६८१ साली मराठ्यांनी ते लुटलं होतं, हे सगळं खरं. पण ज्या शेतकऱ्याची जमीन चाळण झाली, त्याच्या हाती खड्डे आले. आणि त्या मातीत काही असलंच, तरी ती आधीच जागेवरून हललेली. तिनं सांगावं काय?

मग एखाद्यानं करावं काय? अगदी साधं आहे. शेतात काही निघालं तर खणणं थांबवा. वस्तू चिंचेनं, राखेनं घासू नका. तांब्यावरच्या हिरव्या थरातच अक्षरं असतात. मडकं फुटलं असेल तर खापरं टाकू नका. हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. गट नंबर लिहा. विहीर, बांधावरचा लिंब अशा दोन पक्क्या खुणांपासून अंतर मोजा, पावलांनी मोजलं तरी चालेल. किती खोल, तेही लिहा. पोलीस पाटील किंवा गावच्या चार माणसांसमोर मोजदाद करा. तहसीलमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि पोच घ्या. राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, त्यांनाही कळवा. रात्री या म्हणणाऱ्याला मात्र दिवसासुद्धा येऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना हे सगळं सांगितलं, मामूंच्या रुपयासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे भाई, काही निघालं तर ते आपलंच?"

"कायदा तर तसंच म्हणतो."

"मग त्यांला अर्धा कशापायी द्यायचा?" असं म्हणून ते हसले. त्यांनी त्या पोरांना फोनवर सांगितलं, दिवसा या, तहसीलच्या माणसाला सोबत घेऊन या. पोरं पुन्हा आली नाहीत. काकांचं कर्ज अजून आहे. यंत्रानं ते फिटलं असतं असं मला वाटत नाही, पण त्यांनी रात्रीचा सौदा नाकारला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं काय असेल ते मला ठाऊक आहे. म्हणून मी त्या नकाराला लहान मानत नाही.

मृगाचा पाऊस झाल्यावर काका सकाळीच घरी आले. वखराच्या तासात एक तांब्याचं नाणं वर आलं होतं. शिवराई. एका बाजूला झिजलेलं 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ही नाणी महाराष्ट्रात खूप सापडतात, बाजारात तिची किंमत किरकोळ. तरीही आम्ही तहसील कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या कारकुनानं तो दोनदा वाचला, माझ्याकडं पाहिलं, मग पोच दिली.

नाणं ज्या कागदात गुंडाळून आणलं होतं, तो कागद मी मागून घेतला. त्यावर काकांच्या नातवानं लिहिलं होतं: गट नंबर, तारीख, विहिरीपासून तेवीस पावलं उगवतीला, लिंबापासून चाळीस पावलं, चार बोटं खोल.

तो कागद मी वहीत लावून ठेवला आहे. त्याच्या शेजारच्या पानावर मामूंच्या रुपयाचा ठसा आहे, पेन्सिलीनं घासून काढलेला. त्यात 'जर्ब' एवढं वाचता येतं.